करवंटीची विहीर

बेटावर नोकरी केली म्हटलं की आमच्या आष्ट्यात माणसं डोळे बारीक करून एकच प्रश्न विचारतात, "मग काय, मजा असंल की!" निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि वर सरकारी पगार. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच सांगितलं. "निसर्गाच्या सान्निध्यातले दिवस, असं काहीतरी छान लिहा." मी हो म्हणून बसलो. लिहायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की छान असं माझ्याकडं फारसं नाही. निसर्गाच्या इतक्या जवळ राहिलो की त्यानं अधूनमधून थोबाडीत दिली आणि मी गाल चोळत बसलो. त्यातली एक तर परवा आमच्याच रानात पुन्हा बसली. अजून कान वाजतोय. म्हणून लिहितोय.

मी दीपगृहात होतो. शेजारचे एक गृहस्थ निवृत्तीनंतर मला म्हणाले होते, "म्हंजे सांजंला दिवा लावायचा आन झोपायचं. लय बेस नोकरी गड्या." त्यांना काय सांगणार? दीपगृहाचा दिवा नुसता लागून भागत नाही. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी. कुणी दोनदा चमकून थांबतो, कुणी तीनदा. जहाजावरचा माणूस ती उघडझाप मोजतो आणि नकाशात बघून ठरवतो की आपण अमुक बेटापाशी आहोत. म्हणजे दिवा बंद पडला तर एकवेळ चालेल, पण तो चुकीचा फिरला तर तो खोटं बोलतो, आणि त्याच्या भरवशावर जहाज खडकावर जातं. हे डोक्यात बसलं की झोप कसली येते!

बाकी सगळं काम म्हणजे मीठ पुसणं. सूर्याच्या ऊर्जेवर बॅटऱ्या भरायच्या, तर पत्र्यांवर मिठाचा थर. भिंगं पुसायची, तर भिंगांवर मीठ. कुलपात मीठ, बिजागरीत मीठ, वाळत घातलेल्या बनियनमध्ये मीठ. समुद्रात पोहायला जायची गरज नव्हती, तोच रोज आमच्या घरी येऊन बसायचा. त्या नोकरीनं मला एक सवय लावली ती आजही जात नाही. काहीही पांढरं दिसलं की बोट लावून जिभेवर टेकवायचं. बायको वैतागते. लग्नाच्या पंगतीत मी रांगोळी चाखली असं ती सगळ्यांना सांगते, ते मात्र खोटं आहे.

ज्या बेटाबद्दल सांगतोय त्याचं नाव सांगत नाही. अरबी समुद्रात, केरळच्या किनाऱ्यापासून बोटीनं खूप आत. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर वाऱ्याचा रोख बरा असताना दुसऱ्या टोकाला ऐकू जायची, एवढंच. आम्ही दीपगृहाचे दोघं, मी आणि माझा सहकारी. शिवाय नारळाच्या हंगामात शेजारच्या मोठ्या बेटावरून काही कुटुंबं यायची. झोपड्या बांधायची, नारळ उतरवायची, खोबरं वाळवायची आणि पावसाच्या आधी परत जायची. त्यांचा म्होरक्या कोया. वाळलेल्या खोबऱ्यासारखाच दिसायचा, आणि पत्त्यांत हातोहात फसवायचा. पकडला की म्हणायचा, "साब, समंदर भी फसाता है, उसको कुछ नहीं बोलते."

पहिला दणका पाखरांनी दिला. रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते. पहाटे दिवा बंद करायला वर गेलो, तर बाहेरच्या सज्जात चिमणीएवढी पाखरं पसरलेली. मेलेली. दूरदेशी निघालेली ती पाखरं अंधारात आमच्या उजेडाकडं ओढली जाऊन काचेवर आपटली होती. जहाजांना वाचवायला लावलेल्या दिव्यानं हा घास घेतला होता. ओंजळी भरभरून खाली आणली. कोया बघत होता. तो एवढंच म्हणाला, "बत्ती आपकी, चिडिया भी आपकी." मला राग आला. त्याचा का दिव्याचा, ते काही कळलं नाही. पाखरं वाळूत पुरली आणि दुपारी जेवलो नाही.

दुसऱ्या एका पाहुण्याचं सांगतो, कारण तो पाण्याशी जुळलाय. एकदा एक गोरा साहेब छोट्या शिडाच्या होडीतून एकटाच आला. दाढी छातीपर्यंत. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय, दुरुस्ती हवी असेल. पण त्याला हवं होतं बोलायला माणूस. मी भाकरी आणि लसणाची चटणी पुढं केली. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं आमचं अख्खं मडकं तोंडाला लावलं. तो घटाघटा पीत होता आणि मी, आष्ट्याचा पाहुणचार करणारा माणूस, मनात चरफडत होतो. अरे बाबा, बास की! पाहुण्याच्या घशाखाली जाणारं पाणी डोळ्यांत खुपावं, अशी वेळ माझ्यावर त्या बेटानं आणली होती.

कारण तिथं गोडं पाणी म्हणजे एकच विहीर. आमच्या दीपगृहाला पावसाचं पाणी साठवायची टाकी होती, पण तिला तडा गेलेला. खात्याला कळवून कळवून थकलो होतो, बांधकामाचा माणूस पुढच्या बोटीनं येणार होता, आणि ती बोट कायम पुढचीच असायची. राहिली ती विहीर. बेटाच्या मधोमध, नारळांच्या सावलीत. विहीर म्हणायलाही लाज वाटावी अशी. खोली कमरेएवढी. तळाला पाणी वीतभर. आमच्याकडं म्हशी लोळतात त्या डोबीत यापेक्षा जास्त पाणी असतं.

पण तिचं कायदेकानून कडक. बादली सोडायची नाही. नारळाची करवंटी घेऊन खाली वाकायचं आणि वरच्यावर पाणी घ्यायचं, तळ ढवळू द्यायचा नाही. सकाळी भरायचं, नंतर दिवसभर तिला हात लावायचा नाही. चपला लांब काढायच्या. मला आधी हे सगळं नुसतं सोवळं वाटलं. मग माझ्या सहकाऱ्यानं समजावलं. अशा बेटाच्या पोटात सगळीकडं समुद्रच असतो. पावसाचं जे पाणी वाळूत मुरतं ते हलकं, म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. दुधावर साय असते तसं. आपण ती साय हलक्या हातानं काढून घ्यायची. बेटाला घोट घोट पिऊन जगायचंय, एवढाच त्याचा अर्थ.

आता आबांबद्दल सांगतो. आबा म्हणजे माझे वडील.

आई गेली आणि आबा घरात कुणाशी बोलेनासे झाले. थोरला मी असा समुद्रात. धाकटा संभा शेती बघायचा. मी रजेवर गेलो तेव्हा संभानंच सांगितलं, "दादा, आबांस्नी थोडं दिवस तुज्याकडं ने. हितं नुसतं भितीकडं बघत बसत्यात." परवानगी काढली आणि आबांना आणलं. बोटीत सगळा वेळ ते यमाईचा अंगारा मुठीत धरून बसले होते. उतरल्यावर चहूकडं पाणी बघून म्हणाले, "शिवा, लेका, हितं तुला कुनी ठिवलं? काय गुन्हा केलास?"

आबांची शेती उसाची, पण आबांचं नाव होतं ते विहिरींसाठी. तरुणपणी त्यांनी पंचक्रोशीतल्या विहिरी फोडल्या होत्या. आमच्या भागात पाणी कमी पडलं की उत्तर एकच, खाली जा. मुरूम लागला, फोड. कातळ लागला, सुरुंग लाव. कातळाच्या पोटात झरा असतो आणि तो फुटला की वरच्या माणसांना पळायला वेळ मिळत नाही, असं आबा डोळ्यांत चमक आणून सांगायचे. घरी त्यांची एक पहार होती, ती कुणालाही उसनी मिळायची नाही. बेटावर येताना ती आणली नव्हती, हे देवाचे उपकार. पण दीपगृहाच्या कोठीत सरकारी पहार होती.

त्यांनी विहीर पाहिली आणि खो खो हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. "आरं ही काय हीर? हिच्यात तर कोंबडी बी बुडायची न्हाई!" मी साय आणि दूध सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली. पण ती मान कशी हलते ते मला माहीत आहे. गावात सरकारी माणूस खताबद्दल सांगायला आला की अशीच हलायची.

मग ते रोज जाऊन काठावर बसायला लागले. कोयाही तिथं यायचा. दोघांची गट्टी जमली. कोयाला मराठी येत नव्हतं आणि आबांचं हिंदी म्हणजे लष्करातून रजेवर आलेल्या गावकऱ्यांकडून उचललेलं. तरी तासन्‌तास बोलत बसायचे. आबांनी एकदा पाहिलं की विहिरीतलं पाणी दिवसातून थोडं वर येतं, थोडं खाली जातं. भरती-ओहोटीचा तो परिणाम. आबा मला येऊन म्हणाले, "ती हीर धापा टाकती रं. तिच्या खाली पानी दाबून धरलंय कुनीतरी. वाट पायजे तिला." मी भिंगं पुसत होतो. म्हणालो, "आबा, तिला हात लावू नका." ते म्हणाले, "म्या काय खुळा हाय?"

त्या दिवसांत कोयाच्या सुनेला बाळ झालं होतं. अंघोळीला दोन करवंट्या पाणी मिळायचं, तेही मोजून मापून. आबांनी ते पाहिलं आणि फार मनाला लावून घेतलं. "लेकराला आंगुळीला पानी न्हाई आन ह्ये समदे करवंटी घिऊन बसल्यात. आसं कुटं आसतं व्हय?" त्यांचं मन वाईट नव्हतं हे आधीच सांगतो. बाईमाणसांना, लेकराला भरपूर पाणी मिळावं एवढंच त्यांच्या पोटात होतं. 

एक दिवस दुपारी सगळे नारळ फोडायला बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. माझा सहकारी सुट्टीवर होता. मी वर मनोऱ्यात दिव्याची मोटर उघडून बसलेलो. खालून आबांची हाक आली. "शिवाऽऽ! लागलं रं! पानी लागलं!"

तो आवाज मी लहानपणी ऐकला होता. विहिरीला पाणी लागलं की आबा असेच ओरडायचे आणि आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन धावायची. मी गोल जिना कसा उतरलो मला माहीत नाही. धावत गेलो. आबा छातीपर्यंत ओले, वाळूनं माखलेले, हातात सरकारी पहार. वाळूखाली एक कडक थर होता, पोवळ्याच्या खडकाचा. आबांनी तो फोडला होता. मघाची वीतभर पाण्याची विहीर आता मांडीपर्यंत भरली होती आणि अजून चढत होती. वर भरतीची वेळ. बाजूला त्यांनी पूजा मांडलेली. अंगारा लावला होता, नारळ फोडला होता, बोटीतून आणलेल्या गुळाचे खडे पानावर ठेवले होते. माणसं गोळा झाली की वाटायला.

"बघ की!" ते म्हणाले. "म्हनत हुतो का न्हाई? झरा हाय ह्यो. लेकराला आता हांडं हांडं पानी!"

मी वाकून बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं.

काय लिहू? नोकरीभर मीठ चाखलेली ती जीभ, तिला चुकायचं कारण नव्हतं. तरी मी दुसऱ्यांदा बोट बुडवलं. तिसऱ्यांदा ओंजळ भरून घेतली, म्हटलं, कदाचित हाताचंच मीठ असेल. समुद्र. शुद्ध समुद्र. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांचं हसू अजून तसंच होतं, फक्त डोळ्यांतनं गेलं होतं.

आवाज ऐकून कोया आणि बाकीची माणसं आली. बायका, पोरं, कडेवर बाळ घेतलेली सून. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल, शिव्या येतील, कदाचित हात उगारला जाईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. कोया खाली वाकला, करवंटी बुडवली, एक घोट घेतला, तोंडात धरला आणि हळूच बाजूला थुंकला. मग आबांच्या पहारीकडं बघत त्यानं विचारलं, "किसने खोदा?"

समोर आबा पहार घेऊन उभे. चिखलानं भरलेले. विचारायची काय गरज होती? पण तो खरंच विचारत होता. एखादा माणूस हे करू शकतो, तेही पत्ते खेळायला बसणारा, हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलं, "किसने खोदा?" आबा म्हणाले, "मैंने. लेकरू के लिए." आणि त्यांच्या हातातली पहार वाळूत पडली. गुळाला मुंग्या लागेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

चहूकडं पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही, हे मी शाळेत कुठंतरी ऐकलं होतं, तेव्हा गंमत वाटली होती. आता तोंडाला कोरड पडायला लागली. कोयानं भोकावर पोवळ्याचे तुकडे आणि चुना घालून ते बुजवलं, पण मिसळलेलं पाणी काही वेगळं होणार नव्हतं. पाऊस लांब होता. मी बिनतारी यंत्रावर कळवलं, तिकडून उत्तर आलं की बोट दुसऱ्या कामावर आहे, धीर धरा. कोयाच्या माणसांना मात्र थांबता येत नव्हतं. बाळ होतं. खोबरं अर्धवट वाळलेलं तसंच टाकून त्यांनी होड्या पाण्यात लोटल्या. त्या खोबऱ्यावर त्यांचं वर्ष होतं. नंतर ते उंदरांनी खाल्लं.

जायच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर शहाळ्यांचा ढीग. कोयानं झाडावर चढून स्वतः उतरवली होती. निरोप नाही, बोलणं नाही. आबांनी ढीग बघितला आणि तिथंच मटकन बसले. म्हणाले, "शिवा, त्यानं माज्या मुस्काडात का मारली न्हाई रं?"

दिवा बंद ठेवता येत नाही, म्हणून मी आणि आबा तिथंच राहिलो. शहाळ्यावर जगलो. शहाळं चांगलं असतं म्हणणाऱ्या माणसानं तेवढंच पिऊन राहून बघावं. आबांचं पोट बिघडलं, पाय लटपटायला लागले. तशाही अवस्थेत ते रोज विहिरीवर जायचे आणि काढलेली वाळू ओंजळीनं परत टाकायचे. फावडं दिलं तर घेतलं नाही. बोट आली तेव्हा विहीर पुन्हा होती तेवढी झाली होती. पाणी मात्र खारंच.

आबा गावी परतले. हा किस्सा त्यांनी कुणाला सांगितला नाही, मीही नाही. माझी बदली झाली. पुढं खूप वर्षांनी जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, तेव्हा कळलं की बरेच पावसाळे कुणी हात न लावल्यावर ती विहीर पुन्हा गोडी झाली. करवंटीनं घेण्यापुरती. कोया ते बघायला राहिला नव्हता. मी आबांना हे सांगितलं. तोवर त्यांची नजर गेली होती. त्यांनी माझा हात धरून तेच तेच विचारलं, "गोडी झाली? खरंच? चाखली का कुनी?"

आता परवाचं.

निवृत्त होऊन मी आष्ट्यात घर केलंय. संभा आणि आबा गावाबाहेर वस्तीवर राहतात. संभानं शेती झकास केली असं सगळे म्हणतात. नदीवरची पाण्याची योजना, वर स्वतःची विहीर, ऊस बारा महिने पाण्यात. परवा तो मला खालच्या रानात घेऊन गेला. म्हणाला, "दादा, तू जरा शिकल्याला हायस, ह्ये बघ. तीन खतं टाकली, औषध मारलं, ऊसच उठंना."

ऊस गुडघ्याएवढा, पिवळा पडलेला. मधे मधे नुसती जागा मोकळी. आणि जमिनीवर पांढरं काहीतरी, पिठी सांडावी तसं. आधी वाटलं, खतच पडलंय. खाली बसलो. सवयीनं बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

मी तिथंच बसून राहिलो. समुद्रापासून एवढ्या आत, आबांच्या रानात, माझ्या जिभेवर तीच चव! संभा विचारत होता, "काय झालं? काय हाय त्ये?" म्हटलं, "मीठ आहे, संभा. रान मिठावलंय." तो म्हणाला, "लोक बी तसंच म्हनत्यात. शेजारच्यांचं तर निम्मं गेलंय. पर पानी कमी पडतंय म्हनून आसंल, आनी जरा दिऊन बघतो." अरे देवा! पाणी साचून साचून खालचं मीठ वर येतंय आणि हा आणखी पाणी पाजणार होता. तेही वाईट हेतूनं नाही. पिकाला भरपूर मिळावं म्हणून.

परत येताना संभा म्हणाला, "आबांस्नी नगं सांगू. ते रान त्यांच्या लय जिवाचं हाय." मी कबूल केलं. पण आबा पडवीत खाटेवर बसलेले, पायांचा आवाज ओळखून म्हणाले, "खालच्या रानात गेल्तास न्हवं? मग गप का?" मी पायातल्या चपला काढत राहिलो. तेच पुरलं त्यांना. हात पुढं करून म्हणाले, "माती आन."

माझ्या रुमालात ढेकूळ होतंच. त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चुरलं, चिमूट जिभेवर ठेवली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. त्या दुपारी विहिरीच्या काठावर मी तो पाहिला होता.

"कुनी खनलं रं?" ते म्हणाले.

संभा गोंधळला. "कुनी न्हाई खनलं, आबा. नुसतं पानी दिलंय."

"किती?"

संभा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "आबा, ती विहीर गोडी झाली होती. हात न लावल्यावर. हेही होईल. पाणी थांबवायचं, चर काढून साचलेलं बाहेर घालवायचं, वेळ लागेल."

आबांनी मान हलवली. खरी. "थांबीव, संभा. आजपास्नं थांबीव. म्या बघायला न्हाई ऱ्हानार, पर थांबीव."

"व्हय आबा," संभा म्हणाला. मनापासून म्हणाला, हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात लाईट आली. पडवीतला पंखा फिरला, आणि पलीकडच्या शेडमधली मोटर घरघरत सुरू झाली. खालच्या रानाकडं जाणाऱ्या पाईपातनं पाणी धावल्याचा आवाज यायला लागला.

आबांनी कान टवकारले. "कुनी चालू केली?"

"कुनी न्हाई, आबा," संभा म्हणाला. "आटूवर हाय. लाईट आली की आपसूक चालू हुती. समद्यांची तशीच हाय."

खरंच होतं. चारी बाजूंनी शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या होत्या. माणूस कुठंच दिसत नव्हता. आबा आपल्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी एकेका आवाजाकडं तोंड फिरवत होते. "कुनीच न्हाई?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "कुनीच न्हाई चालू केली?"

मी उठलो आणि शेडकडं निघालो. संभा मागनं धावत आला. "दादा, आरं आजची पाळी जाईल! वरच्या रानाला तरी घिऊ दे!" मी लाल बटण दाबलं. मग आटूची वायर धरली आणि हिसका देऊन उपटून काढली. मोटर थांबली. शेजारच्यांच्या चालूच होत्या.

वळून बघितलं, तर संभा माझ्या हातातल्या वायरीकडं बघत उभा होता. त्या दुपारी बेटावर कोया आबांच्या पहारीकडं बघत उभा होता, अगदी तसाच.